पाळण्यात परत न आलेली नावे

१/
बाळाला जुन्या वळणाचे नाव ठेवावे का? गेल्या महिन्यात ताईला मुलगी झाली आणि आमच्या घरी याच प्रश्नाचा खल सुरू झाला. "काहीतरी जुने, आपल्या मातीतले नाव हवे," यावर सर्वांचे एकमत होते. सई, मुक्ता, जिजा, रमा, राधा अशी यादी तयार झाली. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "मग पणजीचेच ठेवा की!" आणि सगळे खो खो हसले. आमच्या पणजीचे नाव दगडावरून ठेवलेले होते. तेही जुने, तेही याच मातीतले. तरी यादीत त्याला जागा नव्हती. आजचा धागा त्या हसण्याविषयी आहे.

२/
जुन्या नावांच्या बाजूने साधारणपणे तीन गोष्टी सांगितल्या जातात. अशा नावांतून पूर्वजांची आठवण राहते. ही नावे अस्सल आपली असतात. आणि आधुनिक नावांपेक्षा त्यांना अर्थ अधिक असतो. विरोधकांचे म्हणणे एवढेच, की मूल शाळेत गेल्यावर त्याला चिडवतील. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र गृहीत धरतात: 'जुनी नावे' हा एकसारखा, नीटनेटका साठा आहे आणि त्यातून हवे ते उचलता येते. हे गृहीतक कितपत खरे आहे, ते एकेक मुद्दा घेऊन पाहू.

३/
प्रथम पूर्वजांची आठवण. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत महाराष्ट्रात खोल रुजलेली होती. पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलमध्ये वारले. त्याच वर्षी डिसेंबरात बाजीरावांना पुत्र झाला आणि त्याचे नाव बाळाजी ठेवण्यात आले. छत्रपती संभाजी महाराजांचा १६८२ मध्ये जन्मलेला पुत्र, म्हणजे आपले शाहू महाराज, यांचे मूळ नाव शिवाजी. राजाराम महाराज व ताराबाई यांच्या पुत्राचे नावही शिवाजीच. अकाली गेलेल्या आप्ताचे नावही असेच पुन्हा घरात येई. शिवरायांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. पुढे काही वर्षांतच, १६५७ मध्ये, पुरंदरावर जन्मलेल्या राजपुत्राला तेच नाव मिळाले.

४/
परंतु या रितीतून एक अडचण निर्माण होई. सून सासऱ्याचे नाव मुखाने उच्चारत नसे. मग तेच नाव मुलाला ठेवल्यावर आईने त्याला हाक कशी मारावी? त्यासाठी दुसरे, हाकेचे नाव लागे: नाना, बापू, बाळ, भाऊ, तात्या. बाळाजी बाजीराव इतिहासात 'नानासाहेब' म्हणूनच अधिक ओळखले जातात. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. टिकले ते 'बाळ'. म्हणजे पूर्वजाचे नाव जपले जाई हे खरे, पण घरात ते ऐकू येईलच असे नाही. आदर आणि उच्चार यांचे त्या काळी फारसे सख्य नव्हते.

५/
आता दुसरा मुद्दा, अस्सलपणाचा. मराठी इतिहासातील शहाजी या नावाहून अधिक 'आपले' नाव कोणते? पण त्याची परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी, की मालोजीराजांनी अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ या पीराला नवस केला आणि त्याच्या नावावरून दोन्ही पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली. पुढे शिवरायांनी राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करवून घेतला. त्यांची मुद्राही संस्कृत आहे. मात्र त्याच मुद्रेत ते स्वतःची ओळख 'शाहाचा पुत्र' अशी देतात. पित्याचे नाव शुद्ध करून घेण्याची गरज त्यांना वाटली नाही.

६/
दौलतराव, गुलाबराव, फत्तेसिंह ही नावे आज आपल्याला खास मराठमोळी वाटतात. त्यांतील दौलत, गुलाब, फत्ते हे शब्द फारसी-अरबी वळणाचे आहेत. नावे माणसांबरोबर, दरबारांबरोबर, देवस्थानांबरोबर प्रवास करतात आणि दोन-तीन पिढ्यांत घरची होऊन जातात. 'जुने म्हणजे शुद्ध' हे समीकरण दप्तरांत शोधू गेल्यास सापडत नाही.

७/
तिसरा मुद्दा अर्थाचा, आणि येथून विषय गंभीर होतो. नाव कसे असावे याचे नियम आपल्याकडे फार पूर्वी लिहिले गेले. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणे मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आरंभी घोष वर्ण असावा, मध्ये य-र-ल-व यांपैकी वर्ण यावा. मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. हे नियम ध्वनीचे झाले. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय अर्थाचे नियम सांगतो: ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे. बारा दिवसांच्या बाळाला त्याची पायरी दाखवून देण्याची ही व्यवस्था होती.

८/
याच स्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आणखी एक नियम आहे. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांच्यावरून जिचे नाव असेल अशा मुलीशी विवाह करू नये. आता महाराष्ट्राकडे पाहा. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, तापी. रोहिणी, तुळसा, मैना, चिमणा. आपल्या आज्या-पणज्यांची निम्मी नावे या नियमात बाद ठरतील! संत तुकारामांच्या मुली काशी, भागीरथी आणि गंगा: एक तीर्थक्षेत्र, बाकी दोन्ही नावे नदीची. शास्त्र एक सांगत होते आणि घरे दुसरेच करत होती. म्हणून केवळ ग्रंथ वाचून नावांचा इतिहास लिहिता येत नाही. पाळण्यापर्यंत जावे लागते.

९/
पाळण्याजवळ गेल्यावर दिसते ते संत नामदेवांच्या घरासारखे चित्र. आई गोणाई, वडील दामाशेटी, पत्नी राजाई. मुले नारा, विठा, गोंदा, महादा. सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. आणि याच घरात वाढलेली जनी. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव ही देवांची नावे घरात येताच हाकेजोगी लहान झाली. सुनांच्या नावांत तर लाड, गोडी आणि साखर आहे. याच पानात जुन्या नावांचे अत्यंत लोभस रूप दिसते. मात्र पान उलटले की दगड, कचरा आणि भीक यांची नावे सुरू होतात.

१०/
धोंडू, दगडू, कचरू, केरू, भिकू, उकर्डा. आई-बाप आपल्या लेकराला अशी नावे का ठेवत असतील? उत्तर मृत्यूच्या हिशेबात आहे. नमुना नोंदणी योजनेच्या आकड्यांप्रमाणे १९७१ मध्येदेखील भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ वर आला. देवीची लस, प्रतिजैविके, स्वच्छ पाणी यांपूर्वीच्या काळात किती पाळणे रिकामे होत असतील, याची कल्पना यावरून करावी. घरात दोन-तीन मुले गेली, की पुढच्या बाळाचे नाव हाच एक उपाय हाती उरे.

११/
त्या उपायामागील तर्क असा. मृत्यूला, सटवीला, दृष्टीला सुंदर आणि लाडके मूल आवडते. तेव्हा हे मूल लाडके नाहीच, असे भासवायचे. ते दगड आहे, त्याला कोण नेणार? ते केरात टाकलेले आहे. ते भिकेत मिळाले आहे, आमचे नाहीच. काही ठिकाणी बाळाला खरोखरच क्षणभर उकिरड्यावर ठेवीत, किंवा मूठभर धान्याच्या मोबदल्यात दुसऱ्या बाईकडून 'विकत' घेत. ज्या मुलासाठी सर्वाधिक नवस झाले, त्याच मुलाला सर्वांत हलके नाव मिळे. हा मायेचा अभाव नव्हता. मायेने घाबरून घेतलेले ते सोंग होते.

१२/
ही भीती जातपात पाहत नव्हती. १८५७ च्या संग्रामातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. पुण्यातील सर्वांत प्रसिद्ध गणपती ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते दगडूशेठ हलवाई. (येथे एक सावधगिरी हवी. अधिक मासाला 'धोंड्याचा महिना' म्हणतात आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणत. म्हणून प्रत्येक धोंडोमागे गेलेली भावंडे शोधू नयेत.) पण नाव सारखे असले तरी पुढचा प्रवास सारखा नव्हता. एकाच्या धोंड्याला 'पंत' लागले, दुसऱ्याच्या दगडाला 'शेठ' लागले, आणि गावकुसाबाहेरचा दगडू आयुष्यभर 'दगड्या' राहिला.

१३/
१९७८ मध्ये 'बलुतं' प्रसिद्ध झाले, तेव्हा हा फरक मराठी साहित्याच्या मध्यभागी आला. त्या आत्मकथनाची मांडणीच नावावर उभी आहे: दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. दोघे एकच. एक नाव जन्माने आणि समाजाने दिलेले, दुसरे लेखकाने स्वतः धारण केलेले. मनूने सांगितलेले 'जुगुप्सित' नाव आणि आईने मृत्यूला चकवण्यासाठी ठेवलेले नाव वरवर एकसारखे दिसते. परंतु आईचा हेतू मूल जगावे हा होता, आणि समाज त्या नावाचा उपयोग मूल खाली राहावे यासाठी करत होता.

१४/
याचे उत्तरही जुन्या नावांनीच दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. डॉ. आंबेडकरांनी मुंबईत १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयाला 'सिद्धार्थ' हे नाव दिले. औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, महाविद्यालयाचे नाव 'मिलिंद'. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर राहुल, गौतम, आनंद, यशोधरा, सुजाता, प्रज्ञा ही नावे वस्त्यावस्त्यांतील पाळण्यांत आली. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची नावे, आणि तरी त्या घरांसाठी सर्वांत नवी. त्यांतील मिलिंद हा तर मूळचा ग्रीक राजा मिनँडर. पाली ग्रंथाने त्याला मिलिंद केले. जुने नाव म्हणजे मागे जाणेच, असे म्हणणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा.

१५/
मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. त्यांचे नाव जन्मभर टिकेलच याची शाश्वती नसे. लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि माहेरचे नाव तेथे संपे. १८६५ मध्ये जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली. पुढे अमेरिकेतून डॉक्टर होणाऱ्या आनंदीबाई जोशी त्या याच. कुर्लेकरांची यमुना रानड्यांच्या घरी रमाबाई झाली. ही नावे तेव्हा इतकी घरोघरची होती, की १८५७ च्या 'यमुनापर्यटन' कादंबरीची आणि पुढे हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' ची नायिका, दोघी यमुनाच. कादंबरीत यमुना उरली. घराघरांतील यमुना मात्र तांदळाखाली गेल्या.

१६/
१८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला. त्यासाठी त्यांनी बहिष्कार सोसला. त्या विधवेचे नाव गोदू, म्हणजे गोदावरी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. समाजाचा एवढा मोठा नियम मोडणाऱ्या घरातही नाव बदलण्याचा नियम टिकला. दगडाशी नाते सांगणारे नाव घेऊन कर्वे एकशे चार वर्षे जगले आणि भारतरत्न झाले. नदीचे नाव मात्र विवाहाच्या दिवशी थांबले. आज 'पणजीचे नाव ठेवू' असे म्हणताना प्रथम विचारावे लागते: कोणते? सासरचे की माहेरचे?

१७/
आणि मग सर्वांत जड नाव येते: नकुशा, नकोशी. तिसरी-चौथी मुलगी झाल्यावर 'आता नको' असे नावातच सांगितले, की पुढचा मुलगा होतो, ही समजूत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात साताऱ्यात झालेल्या समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. दगडू आणि नकुशा ही दोन्ही नावे एकाच पेटीत ठेवू नयेत. 'नको' असे दोन्ही नावे सांगतात. मात्र दगडूच्या बाबतीत ते मृत्यूला सांगितलेले खोटे होते. नकुशाच्या बाबतीत ते खोटे नव्हते.

१८/
शेवटी मागे, अगदी दोन हजार वर्षे मागे जाऊ. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजा पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील लेख आहे. त्यात राजमाता गौतमी बलश्री स्वतःच्या नावाने दान नोंदवते आणि आपल्या दिवंगत पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव करते. पुत्र आईच्या नावाने ओळखला जातो. आईचे स्वतःचे नावही शिलेवर कोरलेले आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत मुलाच्या नावापुढे प्रथम आईचे नाव येते. या दोन घटनांना जोडणारी अखंड परंपरा नाही. मधली अनेक शतके कोरीच आहेत. पण ताईला मी हे सांगितले, तेव्हा ती जन्मनोंदीचा अर्ज पुन्हा एकदा काढून पाहत बसली.

१९/
तर जुने नाव ठेवावे का? माझे मत: जरूर ठेवावे. मात्र ते अधिक शुद्ध किंवा अधिक मंगल आहे म्हणून नव्हे, तर त्यामागे कोण होते हे ठाऊक आहे म्हणून. आज परत येणारी नावे बहुतेक राण्यांची, देवतांची आणि संतांची आहेत, आणि ते स्वाभाविक आहे; कोणतीही पिढी आपल्या लेकराला दगड म्हणणार नाही, म्हणूही नये. धोंडाबाई आणि कचरू परत आले नाहीत यात दुःख काही नाही. मुले जगू लागली, म्हणून ती नावे गेली. फक्त ती ऐकून हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढेच.

२०/
मी आजीला विचारले तेव्हा कळले: पणजीच्या आधीची तीन भावंडे वर्षाची होण्यापूर्वीच गेली होती. तिच्या आईने बाराव्या दिवसाची वाट पाहिली नाही. बाळ हाती येताच हे नाव ठेवून टाकले. पणजी नव्वदी ओलांडून गेली. बारशाला ताईने दोन अक्षरी जुने नाव ठेवले, म्हणजे गृह्यसूत्राच्या हिशेबाने चुकलेच! त्या दिवशी पणजीची गोष्ट आजीने सर्वांना सांगितली आणि कोणी हसले नाही.

आपल्या घरातील थोरल्या बाईंना तीन प्रश्न अवश्य विचारा: तुमचे माहेरचे नाव काय होते? ते कोणी ठेवले? तुमच्या आधी घरात किती बाळे झाली होती? उत्तरे लिहून ठेवा. घरी इतिहासाची ही एवढीच कागदपत्रे असतात आणि ती वाचायला आपल्याकडे फार वर्षे नाहीत.

(समाप्त)